क्रोटन, कॅलॅडियम आणि अण्णा

आमच्या फ्लॅटच्या ब्रोशरमध्ये 'गार्डन बाल्कनी' असं छापलं होतं. प्रत्यक्षात ती चार बाय नऊची गॅलरी आहे. तीत कपडे वाळत घालायचा स्टँड, एक प्लॅस्टिकची खुर्ची आणि मी एवढेच मावतो. चौथं कुणी आलं की कुणीतरी आत जायचं, असा नियम. तर या गॅलरीत मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये एकदम बावीस कुंड्या आल्या. आणि कुंड्यांबरोबर अण्णा आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी कराडला, पाटबंधारे खात्यात. कालव्याला पाणी कधी सोडायचं, कधी तोडायचं, कुणाची पाळी कधी, याच्या नोंदी ठेवण्यात पस्तीस वर्षं गेली. आई तीन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर अण्णा कराडच्या घरात एकटेच होते. मागच्या जूनमध्ये ते अंगणात घसरून पडले आणि मनगट मोडलं. मी दोन दिवसांची रजा टाकून गेलो, प्लॅस्टर घातलेला हात बघितला आणि ठरवून टाकलं, की आता बास, यांना हिंजवडीला न्यायचं. निर्णय मी घेतला, टेम्पो मी ठरवला, तारीखही मीच काढली आणि मग अण्णांना फोन करून कळवलं. अण्णा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुंड्या येतील माझ्याबरोबर."

मला वाटलं असतील चार-पाच. तुळस वगैरे.

बावीस होत्या. त्यातल्या अर्ध्या तर कुंड्याही नव्हत्या. रंगाचे डबे, तेलाचे डबे, एक फुटकी घागर, आईचा जुना प्रेशर कुकर (झाकणाशिवाय). आणि एकाही झाडाला फूल नाही! सगळी नुसती पानं. पण काय पानं हो! लाल, पिवळी, केशरी, गुलाबी, जांभळी, कुठे हिरव्यावर कुणीतरी ब्रश झटकून ठिपके उडवल्यासारखी. क्रोटनचे आठ प्रकार, कोलियसचे चार, एक कॉर्डिलाइन, दोन अॅग्लोनिमा आणि सात डब्यांत कॅलॅडियम. मी लिफ्टमधून एकेक वर आणत होतो तेव्हा सातव्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "प्लॅस्टिकची का रे?"

आता जरा या मंडळींची ओळख करून देतो. कारण मलाही तोवर यांना एकच नाव माहीत होतं, ते म्हणजे 'शोभेची झाडं'.

क्रोटन आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. शाळेच्या कुंपणाला, कलेक्टर कचेरीच्या आवारात, लग्नाच्या हॉलच्या दारात. इतकं पाहिलेलं, की ते इथलंच वाटतं. पण ते मूळचं मलेशिया, इंडोनेशिया आणि त्यापलीकडच्या पॅसिफिक बेटांवरचं. एरंडाच्या कुळातलं आहे, म्हणून पान तोडलं की चीक येतो. 1860 च्या दशकात इंग्लंडमधल्या व्हीच नावाच्या मोठ्या नर्सरीनं पॅसिफिकमधून क्रोटनचे नवेनवे प्रकार नेले आणि तिथल्या श्रीमंतांच्या काचघरांत रंगीत पानांचं वेडच लागलं. गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्रात 'क्रोटन' नावाची जात वेगळीच आहे. आपल्या क्रोटनचं शास्त्रीय नाव कोडिअम. म्हणजे आपण सगळे याला पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्याच नावानं हाक मारतोय आणि ते बिचारं ओ देतंय.

कोलियस हा तुळस-पुदिन्याच्या कुळातला. ज्याच्या पानांची भजी करतात तो पानओवा याचा सख्खा भाऊ. याची फांदी तोडून पाण्याच्या ग्लासात ठेवली की आठ-पंधरा दिवसांत मुळं फुटतात. आळशी माणसाचं झाड! हापिसातल्या माझ्या डेस्कवरच्या कॉफीमगात आता एक आहे.

अॅग्लोनिमा मूळची हिरवी-राखाडी. तिला लाल रंग देण्याचं श्रेय ग्रेग हंबाली या इंडोनेशियन वनस्पतिशास्त्रज्ञाकडे जातं. 1980 च्या दशकात त्यांनी दोन जातींचा संकर करून 'प्राइड ऑफ सुमात्रा' तयार केली. आज नर्सरीत ज्या गुलाबी-लाल अॅग्लोनिमा महाग मिळतात, त्या सगळ्या त्याच वाटेनं आलेल्या.

आणि कॅलॅडियम. हे थेट दक्षिण अमेरिकेतून आलेलं, आणि चुलतभाऊ कुणाचं? आपल्या अळवाचं! पान बघा, तोच बदामी आकार. फक्त अळू हिरवं आणि हे पांढरं, गुलाबी, लालभडक. खाजही तशीच, कारण पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. (घरात रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर कॅलॅडियम आणि अॅग्लोनिमा दोन्ही उंचावर ठेवा. याचं फदफदं होत नाही.)

अण्णांच्या सात कॅलॅडियममधला एक पांढरा होता. कागदासारखं पांढरंशुभ्र पान आणि त्यावर हिरव्या शिरांची जाळी. तो आईच्या कुकरमध्ये लावलेला होता. आई गेली त्याच्या आदल्या पावसाळ्यात तिनं शेजारच्या काकूंकडून त्याचा कंद मागून आणला होता. बाकी सगळी झाडं अण्णांची, हे एक आईचं.

पहिला महिना वाईट गेला. क्रोटननं पानं गाळायला सुरुवात केली. रोज सकाळी गॅलरीत रंगीत सडा. मी घाबरलो. अण्णा म्हणाले, "जागा बदलली की क्रोटन रुसतं. राहू दे." पण राहू देईन तर मी इंजिनीअर कसला? मी रात्री बसून वाचलं, व्हिडिओ पाहिले, एक एक्सेल शीट केली. झाडाचं नाव, कुंडीचा आकार, पाणी मिलिलिटरमध्ये, शेवटचं खत कधी, गळलेली पानं किती. फोनवर रोजचे दोन रिमाइंडर लावले. अण्णा माझ्या खांद्यावरून शीट बघायचे आणि 'हं' म्हणायचे. खात्यातल्या माणसाला नोंदींचं कौतुक असेल असं मला वाटलं होतं...

त्या वाचनातून एक गोष्ट मात्र चांगली कळली, ती सांगतो. पानात रंग असतो म्हणजे नक्की काय? दोन प्रकार असतात. क्रोटन-कोलियसच्या लाल-जांभळ्या पानांत हरितद्रव्य असतंच, पण त्यावर दुसऱ्या रंगद्रव्यांचा थर चढलेला असतो. भरपूर उजेड मिळाला की हा थर चढतो. सावलीत नेलं की झाड म्हणतं, आता चैन परवडत नाही, आणि नवीन पानं हिरवी काढतं. म्हणून क्रोटन हॉलच्या कोपऱ्यात ठेवून 'रंग का गेला' म्हणून रडू नये. दुसरा प्रकार म्हणजे पांढरे पट्टे-ठिपके. तिथे हरितद्रव्य नसतंच. पांढऱ्या भागात स्वयंपाक होत नाही, फक्त जेवायला माणसं. त्यामुळे फार पांढरी झाडं हळू वाढतात, कडक उन्हात त्यांची पानं करपतात आणि त्यांना खत-पाणी कमीच लागतं. आई-अण्णांना हे शब्द माहीत नव्हते, पण पांढरा कॅलॅडियम ते नेहमी पेरूच्या सावलीत ठेवायचे.

ऑक्टोबरच्या सुमारास क्रोटन खरंच सावरलं. शेंड्याला नवी पिवळी पानं आली. माझ्या एक्सेलमुळे आली असं मी मनात नोंदवून घेतलं.

अण्णा मात्र सावरले नव्हते. हे मला तेव्हा दिसलं नाही. आज लिहिताना दिसतंय. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. खाली नऊ मजले, समोर दुसऱ्या टॉवरच्या गॅलऱ्या, त्यात आमच्यासारखेच कपड्यांचे स्टँड. मी मीटिंगमध्ये. माझी खोली बंद. दुपारी बाहेर आलो की विचारायचे, "झालं का काम?" मी म्हणायचो, "कुठलं होतंय!" दिवसातलं बोलणं एवढंच. संध्याकाळी खाली चक्कर मारून यायचे आणि सांगायचे, "इथं कुणी कुणाला ओळखत नाही रे." मी म्हणायचो, "ओळख होईल हळूहळू."

घरात त्यांच्याशी बोलणारं माणूस एकच, आमच्या स्वयंपाकाच्या मावशी. मावशी राहतात माणला, माहेर ताम्हिणीकडच्या एका वाडीत. आपण हिंजवडीला पुणं म्हणतो, पण सातबाऱ्यावर तालुका मुळशीच आहे. तालुका एकच असला तरी पाऊस मात्र एक नाही. 25 जुलै 2024 च्या सकाळी संपलेल्या 24 तासांत शिवाजीनगरला 114 मिलिमीटर पडला तेव्हा आपली तारांबळ उडाली होती. त्याच 24 तासांत ताम्हिणीत 556 पडला! मावशी त्या पावसातल्या. अण्णा धरणांच्या खात्यातले, त्यामुळे त्यांचं जमायचं. मावशींच्या सासरचं मूळ गाव मुळशी धरणाखाली गेलेलं. टाटांच्या त्या धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तीन वर्षं चालला, आणि शेवटी धरण झालंच. ते पाणी डोंगराखाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात जातं. मावशींच्या आजेसासऱ्यांच्या वाट्याला दुसरीकडची जमीन आली. मावशी सांगायच्या, "म्हातारा सासऱ्यांना म्हनायचा, जमीन दिली पन माती न्हाई दिली." अण्णा यावर बराच वेळ गप्प बसले होते. मी हेडफोन लावून बसलो होतो, अर्धवट ऐकलं.

दिवाळीनंतर कॅलॅडियमची पानं पिवळी पडून लोळायला लागली. डिसेंबरमध्ये अण्णा तीन आठवडे आत्याकडे साताऱ्याला गेले. निघताना बॅग उचलत म्हणाले, "कॅलॅडियमचं पाणी तोड आता. बाकीच्यांना दिवसाआड." मी कॉलवर होतो. एक कान त्यांच्याकडे, एक क्लाएंटकडे. "हो हो," म्हणालो.

आता पुढचं नीट सांगतो, कारण चूक माझी आहे.

वर्षअखेरचं रिलीज होतं. मला रोज पाणी घालायला वेळ नव्हता. म्हणून मी ऑनलाइन ठिबकचा एक सेट मागवला. बारीक नळ्या, छोटा पंप, टायमर. रविवारी दुपारभर बसून सगळ्या कुंड्यांत नळ्या खोचल्या. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. 'कॅलॅडियमचं पाणी तोड' हे वाक्य माझ्या डोक्यात कुठेच नव्हतं. उलट सुकलेली पानं पाहून मी त्या डब्यांत दोन-दोन नळ्या लावल्या! टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शन. आणि एकदा ऑटोमेशन झालं की माणूस बघतही नाही. पंधरा दिवस मी गॅलरीचं दार उघडलं नाही. थंडी पडली होती, रात्री पारा 10 अंशांच्या आसपास जात होता.

अण्णा परतले आणि थेट गॅलरीत गेले. मी चहा टाकला. चहा घेऊन गेलो तर ते खाली उकिडवे बसून एका डब्यातली माती बोटांनी उकरत होते. कुजका वास येत होता. कंदाच्या जागी तपकिरी लगदा. एकामागून एक त्यांनी सहाही डबे तपासले. माझ्या लक्षात आलं, कुकर दिसत नव्हता.

"आईचा कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी आठवून बघितलं. नळ्या लावताना कुकर होता की नव्हता, मला सांगता येईना. तो असल्या-नसल्याची नोंद माझ्या एक्सेलमध्येही नव्हती. बहुतेक मावशींनी कचऱ्यात टाकला असेल, असं मी म्हणालो. माझी चूक दुसऱ्यावर ढकलायची सवय बघा.

अण्णा "बरं" म्हणाले. एवढंच. हात धुतले, चहा प्यायले.

मला ते 'बरं' सहन झालं नाही. त्यांनी ओरडायला हवं होतं. शेवटी मीच ओरडलो. म्हणालो, "अण्णा, मी दिवसाचे बारा तास काम करतो. तुमच्यासाठीच हा मोठा फ्लॅट घेतला, तुमच्यासाठीच तुम्हाला इथं आणलं, झाडांसाठी पंप बसवला. अजून काय करायचं मी?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "माझ्यासाठी केलंस, हे खरंय. मला विचारलं नाहीस एकदाही."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते कराडला परत गेले. क्रोटन ठेवून गेले. म्हणाले, "पुन्हा हलवलं तर पुन्हा पानं गाळतील. इथं लागलेत, राहू देत."

जानेवारीच्या शेवटी मी एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेलो. पुण्यात इतकी वर्षं राहून पहिल्यांदाच. ही बाग जी संस्था चालवते ती अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया 1830 पासूनची आहे. दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या आसपास प्रदर्शन भरतं. लोक गुलाब आणि बोन्साय बघत होते. मी क्रोटनच्या कुंड्यांपाशी उभा राहिलो. शेजारी एका स्टॉलवर वयस्कर माळीकाका होते, त्यांना म्हटलं, "काका, कॅलॅडियम आहे का?"

ते हसले. "या दिवसांत? झोपलेत ते. जूनला या."

मग त्यांनी मला उभ्या-उभ्या जे शिकवलं ते माझ्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त होतं. कॅलॅडियम ज्या प्रदेशातून आलंय तिथे पाऊस आणि कोरडा असे दोन हंगाम. कोरड्यात ते पानं टाकून देतं आणि सगळा साठा कंदात घेऊन जमिनीखाली झोपतं. पान असतं तोवर झाड पाणी वर ओढतं आणि पानांतून बाहेर सोडतं. पानं गेली की ओढणारं कुणी नाही. मग तुम्ही घातलेलं पाणी मातीतच साचतं, मातीतली हवा संपते आणि कंद गुदमरून सडतो. थंडी असेल तर आणखी लवकर. "म्हणजे झाड पाणी नसल्यानं मरत नाही," काका म्हणाले, "काळजी करणाऱ्यानं मरतं. पानं पिवळी पडली की पाणी तोडायचं. कंद काढून झटकून, वर्तमानपत्रात नाहीतर कोरड्या वाळूत ठेवायचा. मेलाय का बघायचं असेल तर दाबून बघा. टणक असेल तर जिवंत आहे."

घरी येऊन मी अण्णांना फोन लावला, पण हे काही बोललो नाही. तब्येत, जेवण, गॅस सिलिंडर एवढंच बोललो. पंप मात्र त्याच रात्री काढला. एक्सेल बंद केली. क्रोटनच्या मातीत बोट घालायला लागलो. वरचा इंचभर कोरडा लागला तर पाणी, नाही तर नाही. (खरं सांगतो, एवढीच युक्ती आहे. बाकी पिठ्या ढेकणासाठी निंबोळी तेल, आणि टँकरच्या क्षारांनी पानांची टोकं जळतात म्हणून पावसाचं पाणी मिळेल तेव्हा साठवणं.)

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी महिन्यातून एकदा कराडला जायला लागलो. अण्णा तिथे वेगळेच दिसायचे. सकाळी मंडईत, संध्याकाळी प्रीतिसंगमावर मित्रांबरोबर. मनगट अजून थोडं वाकडं होतं, पण आवाज परत आला होता. पेरूखाली मोकळी जागा होती, जिथे पूर्वी सात डबे असायचे. आम्ही दोघंही तिकडे बघायचं टाळायचो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मावशी पिशवीभर शेवळं घेऊन आल्या. तुम्ही खाल्ली नसतील तर सांगतो, शेवळं ही रानभाजी. सुरणाच्या गोतातलं रानटी झाड. पहिले पाऊस पडले की आधी नुसता फुलोरा जमिनीतून वर येतो, पान नंतर. त्या कोवळ्या फुलोऱ्याची भाजी करतात. घशाला खाजू नये म्हणून त्यात काकडं नावाची आंबट फळं घालतात. मावशी ओट्यापाशी शेवळं निवडत होत्या आणि मी लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलावर होतो.

"हे बी तुमच्या आजोबांच्या रंगीत अळवावानीच," त्या म्हणाल्या. "आठ म्हैने निजतं. डोंगरात बघाल तर कायबी न्हाई. वळीव झाला की आलंच. तुमचं आलं का वो?"

"मेलं ना मावशी ते सगळं."

"सगळं कशानं मरंल? कुकर हाय की ड्राय बाल्कनीत."

मी उठलो. ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे, रिकाम्या खोक्यांच्या वर आईचा कुकर होता. डिसेंबरमध्ये, मी नळ्या लावायच्या आधीच कधीतरी, मावशींनी गॅलरी धुताना तो उचलून इकडे ठेवला होता. आणि परत नेऊन ठेवला नव्हता. का? तर, "निजलेल्याला पानी कशाला? उन्हाळ्यात कुनी अळवाच्या कांद्याला उठवतं व्हय?" त्यांनी तो वाचवला वगैरे नव्हता. त्यांच्या दृष्टीनं त्यात वाचवण्यासारखं काही नव्हतंच.

आणि मी मात्र त्यांचं नाव घेऊन मोकळा झालो होतो. ते त्यांना सांगितलं आणि माफी मागितली. मावशी म्हणाल्या, "कुकर कुनी टाकतं का वो कचऱ्यात?"

माती दगडासारखी झाली होती. तिला भेग पडलेली आणि भेगेतून बोटाच्या पेराएवढा गुलाबीसर कोंब. अंधारात वाढल्यामुळे जरा फिक्कट, मशीनच्या बाजूला वाकलेला. सहा महिने थेंबभर पाणी नाही, आणि तरी याला जून आला हे कळलं होतं.

मी फोटो काढला आणि अण्णांना पाठवला. खाली काही लिहिलं नाही, काय लिहिणार? दोन मिनिटांत फोन आला.

"कुकर?"

"हो."

"पाणी घातलंस?"

"नाही. तुम्हाला विचारून घालू म्हटलं."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग अण्णा म्हणाले, "थोडं घाल. वाटीभर. लगेच उन्हात नको काढू, दोन-चार दिवस सावलीतच असू दे. अन् माती बदलायची आहे ती, पण ती मी आल्यावर."

"येताय?" मी विचारलं. या वेळी खरंच विचारलं, तारीख काढून नाही.

"बघतो. पाऊस लागला की येतो. चार म्हैने राहीन. दिवाळीला इकडं."

तसं ठरलंय आता. अण्णा जूनच्या शेवटी आले. टेम्पो नाही, एसटीनं, एक पिशवी घेऊन. पिशवीत पेरूखालची माती होती, जुन्या पाचोळ्याची. गॅलरीत बसून त्यांनी कुकरातून कंद काढला, अंगठ्यानं दाबला आणि माझ्या हातात दिला. "बघ दाबून." टणक होता. बाजूला दोन पिल्लं धरली होती. त्यातलं एक मावशींना दिलं, त्यांनी माणला खोलीच्या दाराशी लावलंय. आता पांढरी पाच पानं आहेत. गॅलरीच्या आतल्या बाजूला, जिथे नऊनंतर ऊन येत नाही तिथे ठेवलाय.

फोनवरचे रोजचे दोन रिमाइंडर मी उडवले. आता दोनच आहेत, वर्षाचे. एक दिवाळीनंतरचा, 'पाणी तोड' एवढाच. आणि एक 1 जूनचा, 'अण्णांना विचार.'

असो. हे लिहितोय तोवर अण्णा बाहेरून हाक मारतायत. क्रोटनवर पिठ्या ढेकूण दिसलाय म्हणे. जातो.